पॅडचा मसाला

काजूचं टरफल फोडताना जे काळपट तेल निघतं, ते हाताला लागलं की कातडी जळते. म्हणून वेंगुर्ल्याकडे काजू सोलणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल चोळूनच कामाला बसतात. टरफलाच्या या तेलावर प्रक्रिया करून, ते घट्ट करून, दळून एक तपकिरी भुकटी बनवतात आणि ती ब्रेक पॅडच्या, म्हणजे ब्रेक दाबला की चाकाच्या डिस्कवर घासून गाडी थांबवणाऱ्या वडीच्या, मिश्रणात घालतात. घासताना उठणारा कंप जिरवणं, चित्कार दाबणं, पॅड थंड असतानाही पकड मऊ आणि सारखी ठेवणं, ही तिची कामं. सकाळच्या गर्दीत केम्प्स कॉर्नरच्या उतारावर ब्रेकवर पाय टेकतो आणि गाडी आवाज न करता थांबते, त्यात या भुकटीचा वाटा असतो. पण पॅड तीनशे अंशांच्या पुढे तापला की हीच भुकटी जळायला लागते. मिश्रणातल्या जवळजवळ प्रत्येक घटकाचं असंच आहे. त्याचा गुण एका तापमानापर्यंत, त्यापुढे अवगुण. म्हणून गाडीबरोबर आलेल्या पॅडऐवजी बाहेरचे पॅड घ्यायला निघालेल्या माणसाला मला आधी एवढंच विचारावंसं वाटतं, की तुमचे ब्रेक रोज किती तापतात?

पॅड म्हणजे खरोखर मसालाच. दहा-वीस जिन्नस असतात आणि प्रत्येक कारखान्याचं प्रमाण गुप्त. सगळ्यांना धरून ठेवायला फिनॉलिक रेझिन, म्हणजे भाजल्यावर कडक होणारी राळ. बळकटीला तंतू: अॅरामिड, काच, पोलाद. वजन भरायला बॅराइट हे जड खनिज. डिस्कवर पकड यावी म्हणून अॅल्युमिनासारखे खरखरीत कण आणि ती पकड अंगावर येऊ नये म्हणून ग्रॅफाइटसारखं वंगण. घासणारा आणि घसरवणारा असे दोन्ही जिन्नस एकाच वडीत दाबून भाजलेले असतात. धन्यात थोडा फरक पडला तरी कालवणाची चव बदलते, तसंच इथे. नुसतं 'सिरॅमिक' किंवा 'मेटॅलिक' हे नाव वाचून दोन कंपन्यांचे पॅड सारखे निघतील, अशी अपेक्षा धरू नये.

आता तापमानाचा हिशेब. माणसं धरून 1,300 किलोची हॅचबॅक ताशी 100 किलोमीटरवरून पूर्ण थांबवली, तर सुमारे 500 किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. त्यातला साधारण 70 टक्के भार पुढच्या दोन डिस्कवर येतो. एक डिस्क साडेचार किलोची धरली, तर एका ब्रेकमध्ये ती 80 अंशांनी तापते. तीच गाडी ताशी 40 वरून सिग्नलला थांबवली, तर ऊर्जा 80 किलोज्यूल आणि डिस्क जेमतेम 13 अंशांनी वर. वेग अडीचपट, उष्णता सव्वासहापट. म्हणजे दादर ते अंधेरी रांगत जाणाऱ्या गाडीचे ब्रेक दिवसभर दाबले जातात, पण ते फार तापत नाहीत. शंभर-दीडशे अंशांच्या आसपास त्यांचा संसार चालतो. कोस्टल रोडवर 80 ची आणि अटल सेतूवर 100 ची मर्यादा आहे, पण तिथे ब्रेक क्वचितच लागतो. मुंबईकराच्या पॅडचं आयुष्य थंडीतच जातं, आणि थंड असतानाच त्याने पहिल्या दाबाला पकडायला हवं, कारण समोर रिक्षा कधी वळेल याचा नेम नाही.

म्हणूनच रोजच्या गाडीला ट्रॅकचे पॅड लावणं मला धोक्याचं वाटतं. शर्यतीसाठी बनवलेले अनेक पॅड 200 अंशांच्या खाली नीट पकडतच नाहीत. 500-600 अंशांवर ते खंबीर असतात, पण सकाळी सोसायटीच्या फाटकाबाहेर पहिला ब्रेक मारताना त्यांच्यापेक्षा कंपनीचा साधा पॅड लवकर थांबवतो. वर ते चीत्कारतात, डिस्क खातात आणि त्यांची लोखंडी धूळ पावसात चाकाच्या रंगावर गंजून डाग पाडते. कोइंबतूरच्या कारी स्पीडवेला किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर जाणाऱ्यांनी हे पॅड जरूर घ्यावेत, पण तिथे पोचल्यावर लावावेत आणि परतीआधी काढावेत.

रस्त्यासाठी मुख्यतः चार जाती आहेत. ऑरगॅनिक, म्हणजे धातूविना किंवा अगदी कमी धातूचा पॅड शांत असतो, डिस्क सांभाळतो, थंडीत छान पकडतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत कारखान्यातून हाच येतो. 300 ते 350 अंशांच्या आसपास त्याचं रेझिन विघटित व्हायला लागतं. पॅड आणि डिस्कमध्ये वायूचा पातळ थर येतो आणि पकड सुटते. त्यातच 10 ते 30 टक्के धातू घातला की लो-मेटॅलिक होतो. युरोपीय गाड्यांत तो जास्त दिसतो. पहिल्या दाबाला चावतो, उष्णताही बरी सोसतो, पण चाकं काळी करतो. सेमी-मेटॅलिकमध्ये पोलादी तंतू आणि लोखंडी भुकटी वजनाने 30 ते 65 टक्के असते. धातू उष्णता पटकन वाहून नेतो, त्यामुळे पॅडचा पृष्ठभाग जळत नाही. घाटात वारंवार जाणाऱ्या, भरून चालणाऱ्या एसयूव्हीला हा मानवतो. आवाज आणि डिस्कची झीज मात्र पत्करावी लागते. आणि वाहून नेलेली उष्णता जाते कुठे, हाही प्रश्न आहे. ती पॅडच्या पाठच्या लोखंडी पट्टीतून पॅड दाबणाऱ्या पिस्टनकडे आणि पिस्टनमागच्या ब्रेक ऑइलकडे जाते. त्याबद्दल पुढे.

सिरॅमिक पॅडबद्दल गैरसमज फार. महागड्या स्पोर्ट्स कारच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कशी याचा संबंध नाही. यात सिरॅमिक तंतू आणि बारीक खनिजं असतात. धूळ कमी आणि फिक्या रंगाची, आवाज जवळजवळ नाही, थंड ते मध्यम तापमानात पकड अगदी एकसारखी. शहरात ऐंशी टक्के चालणाऱ्या आणि महिन्यातून एकदा लोणावळ्याला जाणाऱ्या गाडीसाठी चांगल्या नावाचा सिरॅमिक पॅड मी पहिला सुचवेन. त्याची पकड पहिल्या क्षणी चावत नाही, दाबाबरोबर वाढत जाते. काहींना पहिल्या आठवड्यात 'ब्रेक कमी झाला' असं वाटतं ते त्यामुळे. अँबी व्हॅलीच्या वळणांवर रविवारी पहाटे वेगाने जाण्याची हौस असलेल्यांना रस्ता आणि ट्रॅक यांच्या मधला पॅड लागतो. फेरोडो कंपनीचा डीएस 2500 या कामासाठी वर्षानुवर्षं वापरला जातो. ईबीसी कंपनीच्या हिरव्या, लाल, पिवळ्या, निळ्या पॅडांपैकी लाल हा कमी धुळीचा, रस्त्याचा सिरॅमिक, तर पिवळा आणि निळा जोराच्या वापराकडे झुकलेले. रंगांची ही क्रमाने चढत जाणारी शिडी नव्हे. प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

दुचाकीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. बाइकची डिस्क उघडी असते, पावसात पूर्ण भिजते. तिथे सिंटर्ड पॅड, म्हणजे रेझिन न घालता तांबं-कांस्याची भुकटी दाबून भट्टीत एकजीव केलेला पॅड, ओल्यातही लवकर पकडतो. मुंबईच्या पावसाळ्यात रोज वापरल्या जाणाऱ्या मोठ्या बाइकला तो शोभतो. मात्र डिस्क त्यासाठी बनवलेली आहे का ते पाहा, नाहीतर मऊ डिस्क तो खाऊन टाकतो.

फेरोडोवरून आठवलं. कंपनीचा जनक हर्बर्ट फ्रूड इंग्लंडच्या डर्बीशरचा, काळ 1897 चा. डोंगरउतारावर गाड्या थोपवायला लोक चाकावर जुन्या बुटांचे तळवे दाबत, ते पाहून त्याला घर्षणाचा पदार्थ वेगळा बनवण्याची कल्पना सुचली, असं सांगतात. त्याच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून, त्यात बायकोच्या एलिझाबेथ या नावाचं पहिलं अक्षर मिसळून ब्रँडचं नाव झालं. उतार आणि ब्रेक यांचं नातं किती जुनं आहे ते आपल्या बोर घाटातही दिसतं. पुण्याहून खाली येणाऱ्या रेल्वेगाड्या मंकी हिल, ठाकूरवाडी इथे थांबत थांबत उतरतात, म्हणजे गाडी ताब्यात असल्याची खात्री पटते. मोटारगाडीवर अशी सक्ती नाही.

घाटाचा हिशेब मांडून बघा. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत साधारण 500 मीटर खाली यायचं. त्याच 1,300 किलोच्या गाडीने वाटेत सोडायची ऊर्जा होते सुमारे 6,400 किलोज्यूल, म्हणजे ताशी 100 वरून बारा-तेरा वेळा पूर्ण थांबण्याएवढी. काही भाग हवा आणि इंजिन खातं, उरलेला ब्रेकच्या वाट्याला येतो. टॉप गिअरमध्ये, पाय ब्रेकवर अलगद ठेवून उतरणाऱ्याच्या डिस्कला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा हा जुन्या ट्रकवाल्यांचा नियम अजून तंतोतंत लागू आहे. ब्रेक दाबायचा तो जोराने आणि थोडा वेळ, मग पूर्ण सोडायचा. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा गिअर धरून ठेवायचा.

ब्रेक दगा देतो तो दोन तऱ्हांनी, आणि दोन्ही पायाला वेगळे कळतात. पेडल कडक आहे, पाय रोवून दाबलाय, पण गाडी थांबत नाही: पॅड जळतोय. पेडल मऊ पडून खोल जातंय: ब्रेक ऑइल उकळलंय आणि नळीत वाफ झालीय. दुसरा प्रकार जास्त भयंकर, आणि त्यावर कितीही भारी पॅड हा उपाय नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. त्याच्या प्रती डॉट क्रमांकाने ओळखतात. डॉट 3 चा उत्कलनबिंदू कोरा असताना किमान 205 अंश, पाणी मुरल्यावर 140. डॉट 4 चा 230 आणि 155. डॉट 5.1 चा 260 आणि 180. आपल्या दमट हवेत हे मुरणं आपोआप होतं. त्यामुळे दर दोन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर, ऑइल बदलून घ्या. एक लीटरचा डबा पूर्ण गाडीला पुरतो. गॅरेजवाला नुसतं टाकीत भर घालून 'टॉप-अप केलं' म्हणत असेल तर ते चालणार नाही. चारही चाकांच्या निपलमधून, म्हणजे ब्रेकवरच्या छोट्या तोटीतून, हवा काढत, जुनं काळपट ऑइल जाऊन नवं मधासारखं स्वच्छ येईपर्यंत काम व्हायला हवं. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं. आणि डॉट 5 हे सिलिकॉनचं वेगळंच ऑइल आहे, ते यात मिसळायचं नाही. माझं मत स्पष्ट आहे: पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर पॅड थांबवून आधी ऑइल बदला.

खरेदी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर करा किंवा ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत, पॅड हातात घेऊन कड बघा. तिथे दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. पहिलं कमी तापमानाच्या घर्षणाचं, दुसरं जास्त तापमानाच्या. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55, एच त्याच्या वर. रस्त्याच्या गाडीला दोन्ही अक्षरं एफ असली तर ठीक. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तापल्यावर पकड घटते असं समजा. पण ही चाचणी इंचभराच्या तुकड्यावर आणि साधारण 340 अंशांपर्यंतच होते. ट्रॅकवरच्या 600 अंशांबद्दल ती काहीच सांगत नाही. युरोपच्या आर 90 मान्यतेचा शिक्का असेल तर मूळ पॅडच्या तुलनेत पकड 15 टक्क्यांच्या आत आहे, एवढी हमी मिळते. रोजच्या गाडीसाठी हा शिक्का मला दोन अक्षरांपेक्षा मोलाचा वाटतो. काही पॅडांवर अक्षरांनंतर एन दिसतो. त्याचा अर्थ तांबं अर्ध्या टक्क्याहून कमी. अमेरिकेत पॅडच्या धुळीतलं तांबं नाल्यांतून नद्यांत जाऊन माशांना अपाय करतं, म्हणून हे बंधन आलं. आपल्याकडची धूळही पहिल्या पावसात मिठी नदीलाच मिळते.

नकली माल ओळखायला खोक्यापेक्षा लोखंडी पट्टी जास्त उपयोगी. कडा खरबरीत, रंग जाड थापलेला, पट्टी आणि मिश्रण यांच्या जोडात फट दिसली तर परत ठेवा. मुंबईत या जोडाला आणखी एक शत्रू आहे, खारी हवा. वरळी किंवा वर्सोव्याला समुद्राकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या गाडीत पट्टीवर मिश्रणाच्या मागे गंज धरतो, फुगतो आणि मिश्रणाची वडी पट्टीपासून उचलून काढतो. पॅड अर्धा शिल्लक असताना वडी सुटून पडलेली असते. अशा ठिकाणी जस्ताचा मुलामा असलेली, छोट्या हुकांनी मिश्रण धरून ठेवणारी पट्टी मिळाली तर जास्त पैसे द्यावेत.

पुढचे पॅड बदलायचे आणि मागचे तसेच, हे बहुतेक वेळा चालतं. आपल्या छोट्या गाड्यांत मागे ड्रमच असतात. पुढे फार चावरा पॅड लावला तर मागची चाकं कमी काम करतात आणि थांबायचं अंतर अपेक्षेएवढं घटत नाही. उलट, फक्त मागे जास्त पकडीचा पॅड कधीही लावू नका. ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी अडकली तर गाडी गरकन फिरते. एबीएस, म्हणजे चाकं अडकू न देणारी यंत्रणा, काही प्रमाणात सावरतं, पण चूक पुसत नाही. आणि एका एक्सलवर दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदलायचे.

बसवताना वेळ लागतो तो सफाईला, आणि तिथेच घाई होते. चाक काढल्यावर कॅलिपर, म्हणजे पिस्टन आणि पॅड धरणारा चिमटा, सुटला की तो तारेने सस्पेन्शनला टांगा, रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. पिस्टन मागे ढकलताना निपलला नळी लावून थोडा उघडा, म्हणजे कॅलिपरमधलं घाण ऑइल उलट एबीएसकडे न जाता बाटलीत पडतं. मागे डिस्क असून हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल तर अनेक गाड्यांत पिस्टन ढकलायचा नसतो, फिरवत आत न्यायचा असतो. इथे क्लॅम्प लावून दाबला तर आतली यंत्रणा तुटते. पॅड ज्यात सरकतात त्या ब्रॅकेटमधला गंज तारेच्या ब्रशने काढा, क्लिपा नव्या घाला. कॅलिपर ज्यावर सरकतो त्या स्लाइड पिनला फक्त सिलिकॉनचं ग्रीस, कारण साध्या ग्रीसने पिनचं रबर फुगतं आणि पिन अडकते. झीज सांगणारी पत्र्याची पट्टी मूळ पॅडवर जिकडे होती तिकडेच यायला हवी. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला आवळा. चाक चढवल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरलं तर पहिला ब्रेक लागतच नाही.

डिस्कही तपासा. तिच्या कडेवर किंवा मध्यभागी किमान जाडी कोरलेली असते, मायक्रोमीटरने मोजून त्याखाली असेल तर डिस्कच बदला. ताशी 80-100 वर स्टिअरिंग थरथरत असेल तर गॅरेजात 'डिस्क वाकली' म्हणतात. बहुतेकदा ती वाकलेली नसते. जुन्या पॅडचा थर तिच्यावर ठिगळासारखा चिकटलेला असतो आणि जाडीत मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाचा फरकही पायाला जाणवतो. वेगळ्या जातीचा पॅड लावताना जुना थर 80 ते 120 नंबरच्या पॉलिश पेपरने सगळ्या दिशांनी घासून, ब्रेक क्लीनरने पुसून काढावा. 'पॅडला पेपर मारून दे' ही गॅरेजातली नेहमीची विनंती. आवाज चार दिवस थांबतो, पण पॅड काचेसारखा गुळगुळीत का झाला ते कारण तसंच राहतं.

मग नव्या पॅडला डिस्कची सवय लावणं. उलव्याच्या किंवा खारघरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर पहाटे, मागे कुणी नाही हे आरशात बघून, ताशी 50 वरून 10 पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा. प्रत्येक वेळी मध्ये अर्धा मिनिट. नंतर 80 वरून 20 पर्यंत पाच-सहा वेळा, जास्त जोराने, पण एबीएस लागेल इतका नाही. एकदाही पूर्ण थांबायचं नाही, कारण तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं की तिथेच ठसा उमटतो. थोडा जळका वास येईल, तो नव्या रेझिनचा. शेवटी पाच-सहा किलोमीटर ब्रेकवर पाय न ठेवता गाडी चालवून सगळं थंड होऊ द्यायचं. नीट झालं तर डिस्कवर सगळीकडे एकसारखी राखाडी-निळसर झाक दिसते. पट्टे दिसले तर दोन दिवसांनी पुन्हा.

जुलैत दोन आठवडे गाडी उभी राहिली तर पहिल्या दोन ब्रेकना खर्र आवाज येतो आणि चाकातून तांबूस पाणी गळतं. तिसऱ्या ब्रेकला आवाज जात असेल तर काळजी नाही. आठवडाभर येत राहिला तर पिन किंवा पिस्टन अडकलाय. म्हणून पिनांची सफाई मे महिन्यात, पावसाआधी.

काढलेले पॅड गॅरेजवाल्याकडून मागून घ्या आणि शेजारी शेजारी मांडा. आतला बाहेरच्यापेक्षा बराच पातळ असेल तर पिस्टन मागे सरकत नाही. बाहेरचा पातळ असेल तर स्लाइड पिन अडकतेय. एकच पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल तर तो ब्रॅकेटमध्ये नीट सरकत नव्हता. डाव्या चाकाचे दोन्ही संपलेले आणि उजव्याचे शिल्लक असतील तर डाव्या बाजूची रबरी नळी आतून फुगून बंद झालेली असू शकते. चारही सारखे असतील तर उरलेली जाडी मोजून मागच्या पट्टीवर मार्करने किलोमीटरसह लिहून ठेवा. नवा पॅड 11 मिलिमीटरचा, काढताना 4 उरला आणि मध्ये 35,000 किलोमीटर झाले, तर मिलिमीटरला 5,000 किलोमीटर. 3 मिलिमीटरपर्यंत वापरायचा म्हटलं तर पुढचा संच 40,000 वर बदलायचा, आणि तो आकडा पावसाळ्यात पडत असेल तर त्याआधीच्या मे महिन्यात.